लुएलाची जागा

बेल्स लँडिंग, मिसिसिपी
१६ एप्रिल १९८४

प्रिय ओडेल,

तुझं पत्र मिळालं. डेट्रॉइटात अजून थंडी आहे म्हणतोस, इथे आत्ताच घामाच्या धारा. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. आपले पास्टर दिवसेंदिवस जाड होताहेत, आणि त्यांचं प्रवचनही.

तुझ्या लुएलाच्या थडग्याचा दगड घडवून झाला, ऑगस्टात घेऊन येतो, तोवर पोरीच्या जागेवर खुंटी ठोकून ठेव, असं लिहिलंस. त्याचंच सांगायला बसलेय. जरा दम धर.

परवा शनिवारी कॅरो हाऊस, ती मळेवाल्यांची जुनी हवेली, लोकांना बघायला उघडली होती. दर वसंतातली जत्रा. बसा भरभरून माणसं, गावातल्या गोऱ्या बाया आज्यांचे घेरदार झगे घालून दारात, आणि पायऱ्यांवर गायला आपल्या चर्चची मंडळी. ज्यांच्या कापसात आपले खापरपणजे राबून मेले त्यांच्याच पायऱ्यांवर आपण गायचं, आणि वर सरबत मिळालं म्हणून आभार मानायचे! तरी मी गेले. म्हटलं, गाण्याआधी मागे आपल्या दफनभूमीत जाऊन खुंटी ठोकून येऊ.

तर मागे देवदारांखाली नुसती सपाट हिरवळ. लाकडी क्रूस कुजून गेल्यावर आपली माणसं आपण वर ठेवलेल्या वस्तूंवरूनच तर ओळखायचो. आजोबांवर त्यांचा कंदील, मामीवर शिंपले, लुएलावर तिचा दुधाचा कप. मरणाची साखळी तिथेच तुटू दे, तिच्यामागे घरातलं आणखी कुणी जायला नको, म्हणून तू स्वतः त्याचा कान तोडून ठेवला होतास. त्यातलं काही म्हणजे काही उरलेलं नाही. मधोमध पितळी पाटी, 'विश्वासू सेवकांची विश्रांती'. जळलं मेलं ते विश्वासूपण.

मागून कॅरोबाई आल्या. तोंडभर हसून म्हणाल्या, "आवडलं ना, व्हर्लीन? आमच्या बागमंडळानं तुमच्या लोकांसाठी केलं. कोण जाणे कोण फुटकी भांडी आणून टाकायचं, अगदी उकिरडा झाला होता."

भांडी कुठे गेली विचारलं, तर म्हणाल्या ट्रकमधून फेकून दिली, चांगलंचुंगलं तेवढं ठेवलंय.

ते चांगलंचुंगलं त्यांच्या जुन्या स्वयंपाकघरात काचेच्या कपाटात मांडलंय. त्यात तिचा कप होता, ओडेल. गुलाबी फुलांचा, तसाच कान तुटलेला. खाली चिठ्ठी: 'गुलामांच्या मुलाचा कप, सुमारे १८५०'. अरे, तुझ्या बायकोनं, बर्निसनं, तो बाजारातल्या दुकानातून घेतला तेव्हा मी बरोबर होते! बसमधल्या दोन बाया त्याच्याकडे बघून हळहळत होत्या.

मी कॅरोबाईंना सांगितलं, हा माझ्या भाचीचा आहे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, माझा काहीतरी घोटाळा होतोय, जाणकारांनी बघितलाय तो.

"बाई," मी म्हटलं, "त्या पोरीला ताप होता तेव्हा मी तिला त्यातूनच पाणी पाजलंय."

लोक बघायला लागले तशा त्या म्हणाल्या, समितीकडे अर्ज कर. मी पायऱ्यांवर गेलेच नाही, तशीच घरी आले. संध्याकाळी पास्टर आले समजूत घालायला, म्हणे कॅरोबाईंचा हेतू चांगला होता. त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं.

आता तुझ्या खुंटीचं. काल चर्च बुडवून पुन्हा गेले. त्या गवतात गुडघ्यांवर बसून हातानं चाचपत फिरले. एकदा वाटायचं इथेच, मग वाटायचं नाही, पलीकडे. मला जागा सापडली नाही रे. यापुढे कुणालाच सापडणार नाही.

दगड मात्र आण. त्या पाटीसमोर मधोमध लावू, ज्याला अडवायचं त्यानं अडवावं. खाली कुणीतरी आपलंच असेल. ती लुएला असेल असं मात्र मी म्हणणार नाही. बर्निसला तू सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

तू जिला एवढं एकच सांभाळायला सांगून गेला होतास, ती
तुझी ताई,
व्हर्लीन