कोऱ्या पट्टीचा उतार

४ सप्टेंबर
काम सुरू. इसोउरा बंदराची जमीन आणि समुद्राचा तळ, दोन्हींचा एकच उंचसखल नकाशा. मग कॉम्प्युटरमध्ये त्यावर त्सुनामी सोडायची आणि पाणी कुठवर शिरतं ते बघायचं. जमीन विमानाने मोजली, तळ मोठ्या बोटीने. मधली किनाऱ्यालगतची पट्टी कोरी. तिथे बोट खडकाला लागते आणि विमानाला फेसाखालचं दिसत नाही. ती मी अंदाजाने भरणार. बावीस वर्षांचा अनुभव आहे.

१२ सप्टेंबर
भरली. काय गुळगुळीत उतार. लाट वृद्धाश्रमाच्या अलीकडेच थांबते. लगेच आईला तिथे खोली घेतली. घरी आमचं क्षणभरही पटत नाही, हे कारण नाही. सुरक्षितता.

२ ऑक्टोबर
मच्छीमार संघात नकाशा दाखवला. तोमे आजी एक्क्याऐंशीच्या, अजून बुडी मारून शिंपले काढतात. म्हणाल्या, बाळा, वृद्धाश्रमासमोर तळाला खोल चर आहे, तो कुठे गेला? कॉम्प्युटरला दिसत नाही म्हटलं. म्हणाल्या, तो कधी पाण्यात उतरला होता? सगळे हसले. यापुढे अडाण्यांशी वाद घालायचा नाही.

३ ऑक्टोबर, सकाळी ६
झोप नाही. चर असता तर बोटवाल्यांना कळलं असतं. ते तिथे गेलेच नाहीत, ही बाब वेगळी.

११ ऑक्टोबर
तोमे आजींच्या होडीतून गेलो, केवळ त्यांची समजूत काढायला. शिसं बांधलेली दोरी घेऊन त्यांनी चाळीस बुड्या मारल्या. मी आकडे लिहिले. दोनदा ओकलो, ते सकाळच्या माशामुळे. सगळ्यात खोल नऊ मीटर. माझ्या नकाशात तिथे दोन.

१४ ऑक्टोबर
आकडे घातले. पाणी चरातून सरळ वर. वृद्धाश्रम लाल, म्हणजे पाण्याखाली. वीस वेळा चालवून पाहिलं. एकविसाव्या वेळी चर थोडा उथळ केला, निव्वळ तपासणी म्हणून. तरी लाल. चौदाव्या मिनिटाला पाणी दारात. आईला मीच नेऊन ठेवलंय तिथे.

१५ ऑक्टोबर
आईला घरी चल म्हणालो. म्हणाली, पोहोचवायची एवढी घाई होती, आता काय झालं? सांगितलं. म्हणाली, चर ना, लग्नाआधी तिथेच तर शेवाळ काढायचे मी. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, विचारलंस कधी? येणार नाही म्हणते. इथे पत्ते खेळायला माणसं आहेत.

१९ ऑक्टोबर
साहेबांनी नवा नकाशा मंजूर केला. शाबासकी दिली. ती घेताना बरं वाटलं नाही.

२३ ऑक्टोबर
वृद्धाश्रमापासून टेकडीपर्यंत पळायची तालीम. आईला पाठीवर घेतलं. आठ मिनिटांत पोहोचू असं सर्वांना सांगून ठेवलं होतं. पायऱ्यांवर तीनदा बसलो. सतरा मिनिटं. आई घड्याळ बघून म्हणाली, तीन मिनिटांपूर्वीच बुडालो आपण. खरी लाट आली की मला खाली ठेव आणि पळ. नाही ठेवणार, म्हणालो. म्हणाली, खरं सांग.
उत्तर दिलं नाही. धाप लागली होती.