मधले दहा सेकंद

कोहका, भिलाई
८ जुलै

ती. कमलिनी आत्यास ऐश्वर्याचा शि. सा. न. वि. वि.

आईनं माझा मोबाईल सहामाही परीक्षेपर्यंत कपाटात बंद करून ठेवला, म्हणून हे पत्र. मराठी मी फक्त घरी बोलते, लिहिताना हिंदी मधीमधी घुसते. हसू नको.

तुले एक गंमत सांगते. दहावी सुरू झाल्यापासून माझ्या दिवसाले भोकं पडून राहिली. सर फळ्यावर पहिली ओळ लिहितात, मी पाहतेच आहे, अन् एकदम फळा अर्धा भरलेला असतो. मधलं काहीच नाही. झोप येत नाही, चक्करही येत नाही. परत येते तेव्हा पाण्यातून डोकं वर काढल्यासारखं वाटते, आवाज हळूहळू जवळ येतात. सर म्हणतात, महारानी सपनों में हैं, अन् वर्गाबाहेर उभी करतात. बाहेर गुलमोहर आहे. त्याच्या सावल्या व्हरांड्यात हलत राहतात, मी त्या पाहत राहते. तेही काही वाईट नाही.

आता खरी गोष्ट. परवा ट्यूशनवरून येताना सायकलवर तसं झालं. मी चौकाच्या अलीकडे होती, अन् मग एकदम चौकाच्या मधोमध. रसमड्याकडे जाणारा ट्रक कचकन थांबलेला, अन् एक भाजीवाली माझं हँडल धरून उभी. मले काही लागलं नाही.

आईबाबाले सांगू नको, तुले माझी शपथ. सायकल गेली तर माझ्याजवळ माझं असं काहीच उरणार नाही. बाकी सर्व ठीक. तुझा लोभ चिवड्याच्या डब्यासोबत पाठवून दे.

तुझी लाडकी,
ऐश्वर्या

तुमसर
१२ जुलै

चि. ऐश्वर्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, अन् दुसऱ्यांदा वाचताना इकडे भाजी करपली. स्वप्नाळू तर तू जन्माचीच आहे. पाच वर्षांची असताना माझ्या अंगणात तासभर मुंग्यांमागे फिरली होती. पण त्या तासातली एकूण एक मुंगी तुले आठवत होती, रात्री सर्वांची नावं सांगितली तू मले. हे ते नव्हे, बाई.

म्हणून मी तुझी शपथ मोडून राहिली. पत्र पेटीत टाकते अन् लगेच तुझ्या आईले फोन करते. मागून कळून तुले चोरी वाटू नये म्हणून आधी तुलेच सांगितलं. राग येईल. येऊ दे. रागावलेली भाची मले चालेल.

चिवडा पाठवते. तू बोलली नाही तरी माझा लोभ कमी होणार नाही.

तुझी,
आत्या

तुमसर
१७ जुलै

चि. प्रशांतास ताईचे आशीर्वाद.

फोनवर तू 'हो ताई, पाहतो' म्हणतो अन् विसरतो, म्हणून लिहून पाठवते. लिहिलेलं पुसत नाही.

शिल्पानं पोरीची सायकल बंद केली, फार बरं झालं. पण डॉक्टरकडे काहून नेत नाही? म्हणते कमजोरी आहे, बीटचा रस देऊन राहिली. म्हणते, फिट हा शब्द तोंडातून काढू नका, पोरीच्या जातीले नाव लागते. अरे, नाव लागायले आधी पोरगी तर पाहिजे. तिच्याशी मी भांडली नाही, ती आई आहे, भ्याली आहे. पण तू तिचा बाप आहे. ट्रकवाल्याचे ब्रेक चांगले होते, एवढ्यावर आपण किती दिवस काढायचे?

बहिणीचं बोलणं लागलं असेल तर लागू दे. पण मायेत अंतर पडू देऊ नको.

कमलिनी

कोहका, भिलाई
२४ जुलै

ती. ताईस प्रशांतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सेकंड शिफ्टला जाताना वाचलं. त्या दिवशी क्रेनवर चढलो नाही, तब्येतीचं सांगून घरी परत आलो.

ताई, मले माहीत होतं. दिवाळीपासून पाहून राहिलो. जेवताना तिचा घास हातातच थांबते, पापण्या फडफडतात. मी मनात मोजतो. दहा सेकंद. मग ती जेवू लागते अन् मी वरण वाढून घेतो. शिल्पालेही बोललो नाही.

कारखान्यात आमच्या शॉपमध्ये नियम आहे. कोणाले लागलं नाही तरी, साखळी सरकली, नट सैल दिसला, की कागदावर लिहून द्यायचं. अशा थोडक्यात टळलेल्या अपघाताले 'निअर मिस' म्हणतात. मागच्या वर्षी सर्वांत जास्त कागद मी दिले, म्हणून साहेबानं टिफिन बक्षीस दिला. अन् घरच्या पोरीचा एक कागद माझ्याच्यानं भरवला नाही.

काल चौकातल्या त्या भाजीवालीकडे गेलो. ट्रक किती दूर होता ते तिनं हातानं दाखवलं. एक वीत. मी तिथंच तिच्या बोऱ्यावर बसलो. तिनं पाणी पाजलं.

सोमवारची दुर्गच्या डॉक्टरांची वेळ घेतली. शिल्पा रडली, पण सोबत येते. ऐश्वर्या तुझं नाव काढत नाही, तुझं पत्र तिनं फाडलं. तरी लहान भावावर कृपा ठेव, अन् असंच रागावत जा.

तुझा,
प्रशांत

कोहका, भिलाई
१४ सप्टेंबर

ती. आत्यास ऐश्वर्याचा नमस्कार. (साष्टांग नाही, साधाच.)

दोन महिने तुझ्याशी बोलली नाही. चिवडाही खाल्ला नाही, म्हणजे पहिले चार दिवस.

डॉक्टर म्हणाले हा फिटचाच एक प्रकार आहे. यात पडत नाहीत, फक्त काही सेकंद हरवतात. रोज गोळी, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. सायकल ते म्हणतील तेव्हाच. आई शाळेत आली, पदर पिळत पिळत सर्व सांगितलं. सर दोन दिवस माझ्याकडे पाहतच नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बेटा, मैंने तुम्हें बहुत खड़ा किया. आता मले पुढच्या बाकावर बसवतात.

डॉक्टरांनी नोंद ठेवायले सांगितली, तर बाबानं वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, किती सेकंद, काय झालं, कोणी कळवलं. शाळेत वही माझ्या बाजूला बसणाऱ्या टीनाजवळ असते. शाळेतल्या एका मॅडमनं तिले शिकवलं की मले हलवायचं नाही, थांबायचं, अन् मी परत आली की शिकवणं कुठवर आलं ते सांगायचं. टीना मनानं जास्तीचं लिहिते: 'तू नव्हती तेव्हा खिडकीत खार आली होती. सर दोनदा शिंकले.' मी रोज वाचते. जिथं मी नव्हती तिथंही एवढं काय काय होत होतं. या आठवड्यात तिनं एकच ओळ लिहिली. अन् खरं सांगू? भूगोलाचा तास आता फार लांब वाटते.

राग अजून थोडा आहे. पण एक सांगायचं होतं. वहीची पहिली ओळ सायकलच्या दिवसाची आहे. शेवटच्या रकान्यात बाबानं तुझं नाव लिहिलं होतं. मी ते खोडलं अन् माझं लिहिलं. तुले तर मीच सांगितलं होतं ना.

माया आहे तशी राहू दे. माझीही आहे.

तुझी,
ऐश्वर्या