पोटाखालचा गोल तुकडा

व्हिटबी, ४ मार्च १९९४

ती. सिरिलदादास,
रेगचा सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. आयव्हीवहिनीच्या केकचा चुरा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. सोबत तू न विसरता घातलेलं ते सिनेमावेड्यांचं मासिकही पोचलं. पान तीनवर तुझा फोटो, मागे आपण सिनेमासाठी बनवलेलं अंतराळजहाजाचं मॉडेल, आणि खाली छापलंय ‘जहाजाचे निर्माते’. वा रे वा! एकट्याने केलंस होय? मग सदुसष्ट साली चार महिने जहाजाच्या पोटाखाली उताणा पडून मी काय मटार सोलत होतो?

नाक तुझं, दादा. पोट माझं. सिनेमा सुरू झाला की अख्खं मिनिटभर डोक्यावरून सरकत जातं, ते पोट. जुळवायच्या खेळण्यांचे डबे फोडून, रणगाड्यांची चाकं आणि आगगाड्यांची छपरं चिकटवून मी ते भरलं. पडद्यावर आपल्या दोघांचंही नाव आलं नाही, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता तुझं आलं आणि माझं नाही. खोटं कशाला बोलू, जळतोय मी.

वहिनीला नमस्कार सांग. केक पुन्हा पाठव, मासिक नको.
तुझाच धाकटा,
रेग


बोरहॅमवुड, ९ मार्च १९९४

चि. रेगला अनेक आशीर्वाद,

मासिकात काय छापायचं ते मला विचारून छापलं नाही. पण वाचून दुरुस्तही केलं नाही, हे कबूल. मिरवायला कोणाला आवडत नाही?

आता खरं काम. ही मासिकवाली माणसं म्हणजे वल्ली आहेत बघ. त्यांचा चिटणीस कीथ, पेशाने पोस्टमन. त्याने फोटोंवरून पोटावरचा एकेक तुकडा मोजलाय, आणि कोणता तुकडा कोणत्या खेळण्याच्या डब्यातला, हेही शोधलंय. तीनशे बारापैकी तीनशे अकरा सापडले. एकच राहिलाय, मधोमधचा, जाळीचा गोल. वीस वर्षं त्याच्यामागे लागलेत. गेल्या मेळाव्यात कीथने भर सभेत मला विचारलं. ठाऊक नाही म्हणायचं ना सरळ! पण दीडशे माणसं वह्या उघडून बसलेली. मी ठोकून दिलं, जर्मन रणगाड्याचा पंखा.

त्यांनी घरी जाऊन जुने, कधीच न उघडलेले डबे फोडले रे. त्यांच्यात हे पाप समजतात. नऊ डबे फुटले आणि निघालं शून्य. कीथचं पत्र इतकं सभ्य आहे की त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सत्तावीसला वॉटफर्डला पुन्हा मेळावा आहे. माझी अब्रू तुझ्या हातात. तो तुकडा कुठला, सांग ना राजा.

लोभ आहेच, या खेपेला जरा वाढव.
सिरिल


व्हिटबी, १४ मार्च १९९४

ती. दादास सा. न.,

तीन दिवस पत्राला हात लावला नाही. म्हटलं, होऊ दे फजिती! पण त्या नऊ डब्यांचं वाईट वाटलं.

तो कुठल्याच डब्यातला नाही. बाबांच्या कानाच्या यंत्राचा आहे. छातीवर अडकवायचे ना, त्या डबीची जाळी. नवं यंत्र मिळालं तेव्हा जुनं इस्पितळात परत द्यायचं होतं, आणि मी ते आधीच ढापलं होतं. आई बाबांना किती बोलली, आठवतं? वेंधळे, डोकं तरी जागेवर आहे का, म्हणून. बाबा खाली मान घालून ऐकत होते, आणि मी गुपचूप जेवत होतो.

मग आपण सगळे सिनेमाला गेलो. जहाज डोक्यावरून सरकायला लागलं आणि बाबांनी मला कोपराने ढोसलं. छातीवरच्या नव्या यंत्रावर टिचकी मारली आणि ओठांवर बोट ठेवलं. हसत होते. पुन्हा त्यावर ना ते कधी बोलले, ना मी. तू त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत होतास.

सत्तावीस वर्षं हे मी एकट्याने जपलंय. आता देतोय, पण एका अटीवर. भर सभेत सांगायचं, पोट रेगचं.

राग मनात ठेवू नकोस, ठेवलास तरी केक पाठव.
रेग


बोरहॅमवुड, २८ मार्च १९९४

चि. रेगला आशीर्वाद,

सांगितलं. रणगाड्याची थाप होती हेही सांगितलं, पोट तुझं हेही, आणि बाबांचं यंत्र हेही. मग कीथ उठला, वहीत लिहिलं आणि डोळे पुसायला लागला. सगळी सभा उभी राहून तुझ्या नावाने टाळ्या वाजवत होती. नाकाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्याचं मला काही नाही, टाळ्या तुझ्याच होत्या.

पण रेग, त्या दिवशी सिनेमाहून परतताना बसमध्ये मी बाबांना विचारलं होतं, माझं नाक कसं वाटलं म्हणून. त्यांनी कानावर हात ठेवला. मी तीनदा विचारलं, शेवटी ओरडून. म्हणाले, ऐकू येत नाही रे, नवं यंत्र आहे. आणि मी इतकी वर्षं धरून बसलो की त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. तुझं पत्र वाचल्यावर आता वाटतं, आलं होतं.

सगळे तुझा पत्ता मागतायत. अजून दिलेला नाही. चार दिवस मला जळू दे, मग देतो.

तुझ्या वहिनीने केक डब्यात भरलाय, या वेळी चुरा होणार नाही.
पलीकडच्या खुर्चीतला,
सिरिल