सर्फराजचे नऊ कमोड

८ जुलै

दोनदा हॉर्न! दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तोच. पांढरी नवी गाडी, आरशाला निळा डोळा टांगलेला. तुर्कांचा असतो तसला, नजर लागू नये म्हणून. काच खाली आली. आत सर्फराज. ‘सलाम, यूनुसभाय! तब्येत बरी?’

बरी! श्रीवर्धनहून इकडे आखातात मीच आणला याला. खैतानच्या खोलीत माझ्या गादीशेजारी झोपवला, धंदा शिकवला. जानेवारीत गुडघा सुजला म्हणून इस्तंबूलला माझ्याऐवजी धाडला, कमोड कंपनीच्या जेवणाला. परत आला तो माझी एजन्सी स्वतःच्या नावावर करून. आता अर्दियात माझ्यासमोरच दुकान. गाडीही कंपनीने दिलेली.

आणि तब्येत विचारतो.

मी हसलो. हसण्यावरच तर इथवर आलो. पण सोडणार नाही. लिहून ठेवतो — सोडणार नाही.

११ जुलै

कंपनीचा केमाल चहाला आला होता. जुनी ओळख. झाल्या प्रकाराची त्याला लाज वाटते, म्हणून येऊन बसतो आणि भलभलत्या गोष्टी सांगतो. म्हणे, उकिडवं बसायच्या संडासाला फ्रान्सवाले ‘तुर्की’ म्हणतात, आणि तुर्क खुर्चीवाल्याला ‘फिरंगी’ म्हणतात! म्हटलं, घाण नेहमी दुसऱ्याच्या नावावर. आमच्या समोरच्या दुकानात पण तेच. केमालने कपात तोंड घातलं.

तेवढ्यात सर्फराज जहराच्या कामावर निघाला. केमाल उठला आणि त्याच्या गाडीमागे ग्लासभर पाणी ओतलं. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये — अशी त्यांच्यात दुवा असते म्हणे. आमच्या गावी शेजारच्या आळीत मयत उचलली की मागे पाणी टाकायचे.

मला बरं वाटलं.

१२ जुलै

आजही दोनदा.

१९ जुलै

सापडला!!

माझं जुनं गिऱ्हाईक हाजी, त्याच्या नव्या व्हिलावर बागेचे नळ पोचवायला गेलो होतो. मोठं काम सर्फराजकडे. नऊ बाथरूम! भिंतीला लटकणारे तुर्की कमोड, टाकी भिंतीत गाडलेली, धुवायची नळी कमोडच्या आतच. ही ऑर्डर माझी होती. माझी! असरची, तिसऱ्या प्रहरची बांग झाली. शेजारच्या मशिदीत नमाज पढून पुन्हा वर गेलो, सहज एका बाथरूममध्ये डोकावलो, आणि जागीच थांबलो. कमोड बसवायची लोखंडी फ्रेम या भिंतीला. म्हणजे बसणाऱ्याचं तोंड समोरच्या भिंतीकडे. आणि समोर कोण? आत्ताच मी जिकडे सजदा करून आलो, तोच किब्ला!

दुसरं बाथरूम पाहिलं. तिसरं. सगळी तशीच.

काब्याकडे तोंडही नको, पाठही नको. आमच्या धंद्यातला पहिला धडा. सर्फराजला मीच दिलेला. चूक कशी झाली तेही विचारून घेतलं. नकाशा आधी दुसऱ्या प्लॉटसाठी काढलेला, तोच या कोपऱ्यावरच्या प्लॉटवर आडवा फिरवून बसवला. मिस्री फोरमनने नकाशा बघून लावलं. आणि सर्फराज? येतो, काच खाली करतो, हात हलवतो, जातो. गाडी आल्यापासून पाय जमिनीला लागतोय कुठे! एसी सोडवत नाही.

हाजी उन्हाळाभर तुर्कांच्या ट्रॅबझोनला, डोंगराच्या गारव्यात. झोपतानासुद्धा काब्याकडे पाय होणार नाहीत याची काळजी घेणारा म्हातारा. परत येईल आणि बाथरूमचं दार उघडेल...

फोरमनने विचारलं, काम कसं आहे? म्हटलं, ‘मिया-मिया!’ शंभर टक्के.

२ ऑगस्ट

सर्फराज दुकानात आला. जानेवारीनंतर पहिल्यांदा उंबरा ओलांडला. आधी इकडचं तिकडचं. बकरी ईदला गावी जाऊन आला ना. ‘तुमचं नवं घर पाहिलं, यूनुसभाय. भाभीने चहा पाजला. छान झालंय.’

माझ्या घरात पाय ठेवला! नूरबानूने बोलायचं तरी होतं मला.

मग मुद्द्यावर आला. ‘हाजीचं काम तुम्ही बघून आलात म्हणे. उद्यापासून मार्बल चढवतोय. काही राहिलंय का? तुमची नजर वेगळी.’

नजर वेगळी! मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. एक शब्द पुरला असता. आज फक्त फ्रेमा हलवायच्या होत्या. मार्बल चढलं की नऊ भिंती फोडाव्या लागतील.

‘देखणं काम आहे,’ म्हटलं. ‘डोळे मिटून चढव.’

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. गेल्यावर मी हात धुतला. साबणाने.

१७ ऑगस्ट

मार्बल चढलं. झोप छान लागते हल्ली.

२६ ऑगस्ट

केमाल सांगून गेला — हाजी शुक्रवारी उतरतोय.

किती वेळा डोळ्यांसमोर आणलं! हाजी वर जातो. पहिलं दार. दुसरं. मग जी हाक मारेल ती खालच्या फाटकापर्यंत ऐकू येईल. कंपनीला फोन जाणार, एजन्सी जाणार, गाडी जाणार. निळा डोळा तेवढा ठेव म्हणावं, आठवण म्हणून. मी तिथेच असेन. बागेचे नळ गळतात का बघायला. पांढरे कपडे इस्त्रीला दिलेत.

आणि म्हणेन, ‘सर्फराज, तब्येत बरी?’

२७ ऑगस्ट

हॉर्न. दोनदा. वाजव बाबा, वाजव.

२८ ऑगस्ट

सकाळीच नूरबानूचा फोन. बोलता बोलता म्हणाली, संडासातली एका भिंतीची टाइल बाकीच्यांशी जुळत नाही. का? तर गवंड्याने कमोड किब्ल्याकडे तोंड करून बसवला होता. बकरी ईदला सर्फराजने पाहिलं. ईदचे पाहुणे सोडून स्वतः उभा राहिला, भिंत फोडली, फिरवून घेतला. ‘यूनुसभायला बोलू नका, भाभी. एवढ्या हौसेने बांधलंय, जिवाला लागेल त्यांच्या.’

हाजी उद्या उतरतो. नऊ भिंती.

बाहेर दोनदा हॉर्न.

आलो रे. थांब — ब्रेकर मशीन घेतो.