स्पीड ब्रेकरला उतरायची गाडी

पप्पा, तुमची गाडी मी विकतेय. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. अठरा पूर्ण झाल्या झाल्या तिच्यावरच गाडी शिकले. फ्रेंड्स नव्या गाड्यांची रील्स दाखवायचे आणि मी म्हणायचे, यार, एकदा माझ्या सेडानमध्ये बसून बघा. ते लांबलचक बॉनेट, लेदरच्या सीट्स, लिंक रोडच्या खड्ड्यांतून होडीसारखी जायची. दार लावलं की धप्प, बाहेरची मुंबई बंद. लहानपणी मी ते जोरात आपटलं की तुम्ही म्हणायचात, "फ्रीजचं दार आहे काय ते? हळू."

फक्त तिचं पोट खाली घासायचं. दिंडोशीच्या आपल्या कॉलनीच्या गेटवरचा स्पीड ब्रेकर आला की तुमची ऑर्डर, "चला, उतरा सगळे." लग्नाला निघालोय, आई पैठणीत, मी फ्रॉकमध्ये, दोघी चालत ब्रेकर ओलांडतोय आणि तुम्ही रिकामी गाडी तिरकी करून इंच इंच काढताय. मला ते एकदम रॉयल वाटायचं. पुढे मीपण तेच चालू ठेवलं, अगदी श्रद्धेने.

मग आई गाडीत बसेनाशी झाली. मावशीकडे वर्सोव्याला जाणं बंद. "तू जा, मला कंटाळा आलाय." मला वाटायचं, तुमच्याशिवाय त्या गाडीत तिला बसवत नाही. म्हणून कधी विचारलंच नाही.

मागच्या महिन्यात एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही टेस्ट ड्राइव्हला घरी मागवली. खरं तर नावं ठेवायलाच. सगळं प्लॅस्टिक, दाराचा आवाज डब्याच्या झाकणासारखा, बारीकसारीक गोष्टीवर टूं टूं. आई नुसती बघायला खाली आली. सीट तिच्या कमरेच्या लेव्हलला. वळली आणि बसली. आधाराला माझा हातसुद्धा धरला नाही. गेटवरचा ब्रेकर आला आणि मी सवयीने थांबले.

"मी उतरणार नाही हां," आई म्हणाली. "गुडघे गेलेत माझे. तुझ्या पप्पांची गाडी म्हणजे विहीर. एकदा कशीबशी आत बसते, तर तू गेटवर परत बाहेर काढतेस."

"मग बोलली का नाहीस?"

"पूजा केल्यासारखी चालवतेस. काय बोलू?"

गाडी ब्रेकरवरून टुणकन गेली. आई हसायलाच लागली. "वर्सोव्याला घे." मागे बसलेला सेल्समन घाबरला, मॅडम, टेस्ट ड्राइव्ह हायवेपर्यंतच असते. आई त्याला म्हणते, "बस रे गप. माझ्या बहिणीकडे कोलंबी खाऊन जा."

ती एसयूव्ही बुक केलीय आणि पार्किंग एकच आहे, पप्पा. तुमची गाडी मुलुंडचे एक काका नेतायत, जुन्या गाड्या जपतात. दार हळू लावतात, मी चेक केलं.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, आईला तर नाहीच. त्या दिवशी तिच्याशी बडबडत वर्सोव्याला पोचले, जेवले, परत आले, आणि अख्ख्या वेळात मला तुमची एकदाही आठवण आली नाही.