बांधावरची झाडं

दादा,

चार महिने हे पत्र टाळलं. मध्ये दोन गावं बदलली, एक चप्पल हरवली, ते राहू दे.

नांगरलेल्या जमिनीवरच अनुदान मिळायचं, म्हणून बांधावरची झाडं मीच तुला तोडायला लावली. आता नियम फिरला: झाडं राखणाऱ्या लहान शेतालाच मदत. त्यासाठी शेतं आणि झाडं मोजायच्या सरकारी कामावर रोजाने लागलो आणि फीत धरून आपल्याच शेतात आलो. तू विहिरीवरून हललाही नाहीस. शिवी तरी द्यायचीस.

"दहा झाडं लिहितो," मी म्हणालो.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, झाडं कागदावर उगवतात होय?"

मी शून्य लिहिलं. शेत यादीतून गेलं.

थांब, खालून कुणीतरी हाक मारतंय.

खिडकीतून पाहिलं. दादा, कधी शेत न सोडणारा तू खाली रस्त्यावर उभा आहेस, आणि माझे पाय जिन्याकडे वळत नाहीत.

तुझा,
धाकटा