माझ्या डाव्या पायाचं माप

३ फेब्रुवारी

पुन्हा कोरं पान! काल तासभर तुझ्याशी बोलले, आणि आज चेहरा असा की जणू ओळखच नाही. मला अक्षर येत नाही, तुला आठवण राहत नाही – छान जोडी जमली! नीट ऐक मग. मी म्हातारी, लेकीकडे राहते. खाली तिचं वर्कशॉप, वर आम्ही. मी फोनकडे तोंड करून बोलते, तो तुझ्यावर उमटवतो. आता उद्या विसरलंस तर बघ!

४ फेब्रुवारी

काही वर्षांपूर्वी लेकीने माझ्यासाठी चाकांचा वॉकर केला. भार टाकला की चाकं जागच्या जागी थांबतात, हलकं धरलं की चालू लागतात. ब्रेक दाबायला नको – माझ्या बोटांत जोर कुठाय? त्या ब्रेकचं पेटंट तिच्या नावावर आहे. म्हणजे तिला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणी तो बनवायचा नाही. जावईबापूंनी तो कागद काचेत घालून जिन्यात टांगलाय. येता-जाता असे बघतात, जणू बाळंतपण त्यांचंच झालं!

७ फेब्रुवारी

एका कंपनीचा माणूस आला होता. बूट असे चकचकीत की मला त्यात माझी हनुवटी दिसली.

"हक्क आम्हाला विका, मॅडम. पुढचं आम्ही बघतो."

"बनवायला कधी घेणार?" – लेक.

"बाजाराचा अंदाज घेऊन."

म्हणजे विकत घेऊन कपाटात टाकणार! लेकीने चहा पाजला आणि वाटेला लावलं. बिस्किटं नाही दिली. तिथेच मी ओळखलं.

८ फेब्रुवारी

जेवताना बॉम्ब टाकला तिने. "वॉकरचे सगळे नकाशे इंटरनेटवर खुले करतेय. ज्याला हवा त्याने ब्रेक बनवावा. अट एकच – काही सुधारणा केली तर तीही अशीच सगळ्यांना द्यायची."

बापूंचा घास हातातच राहिला. "आणि आपण काय विकायचं? हवा?"

"वॉकरच विकायचे. पण चांगले होत जाणारे! ओल्या फरशीवर तो अजून घसरतो. मी एकटी किती वर्षं झटापट करू त्याच्याशी? तोवर आईला एकटीला बाहेर कशी सोडू?"

"आई, तुम्हीच सांगा हिला!"

मी बापूंची बाजू घेतली. खरंच घेतली! आपल्या घराच्या किल्ल्या कोणी चौकात वाटतं का? लेक ताट उचलून गेली.

पण तिचं ते 'आईला एकटीला बाहेर कशी सोडू' मला लागलं. बाहेर जाते तेव्हा हिच्या नाहीतर बापूंच्या दंडाला लटकून. पिशवीसारखी.

१२ फेब्रुवारी

टाकलं एकदाचं इंटरनेटवर. काहीच झालं नाही. बापू सारखे फोन बघतात, तोंडाने मात्र "मला काय करायचंय!"

१९ फेब्रुवारी

हसून हसून बरगड्या दुखल्या!

ठिकठिकाणच्या कारागिरांनी वॉकर बनवले. नुसता ब्रेक नाही, नकाशात होता तसा अख्खा. आणि सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं – "डावीकडे कलतो." लेक दोन दिवस डोकं धरून बसली. मग बापूंनाच आठवलं. माझं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डावा पाय बोटभर आखूड. म्हणून त्यांनीच करवत घेऊन माझ्या वॉकरचा डावा पाय कापला होता. नकाशाची मापं लेकीने त्याच वॉकरवरून घेतली!

म्हणजे कुठे कुठे अनोळखी म्हातारे माझ्यासारखे वाकडे चालताहेत. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

२० फेब्रुवारी

लेक हसत नाहीये. बुटवाल्याचा फोन आला – "तुमचं हसं झालंय, मॅडम. नकाशे उतरवा. हक्क घ्यायला आम्ही अजून तयार आहोत." ही माझ्या पायाशी येऊन बसली. लहानपणी परीक्षेत नापास झाल्यावर बसायची तशी.

"आई, हे आणि तू बरोबर होतात का गं?"

"बापूंचं बापूंना विचार. मी बाजू बदलली."

"कधी?"

"काल. हसताना. अगं, आठवड्यात एवढ्या लोकांनी चूक पकडली! आपण इतकी वर्षं रोज त्या वॉकरला अडखळतो, आपल्याला दिसली का?"

ती नाक पुसत म्हणाली, "तू पार्टी बदलतेस ती पुढाऱ्यांसारखी." पण बुटवाल्याला नाही म्हणून कळवलं. नकाशा मात्र रात्रीच्या आत सरळ करून टाकला.

२६ फेब्रुवारी

दूरच्या एका गावात सायकली दुरुस्त करणारी एक पोरगी आहे. तिने ब्रेकला सायकलचे रबरी ठोकळे लावले, खाचा पाडलेले – पाणी खाचांतून निघून जातं, रबर चाकाला घट्ट धरतं. आणि अट पाळली! नकाशा सगळ्यांसाठी खुला. बापूंनी तसेच ठोकळे आणून बसवले, वर्कशॉपच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतलं आणि हात पसरून उभे राहिले, गोलकीपरसारखे.

मी भार टाकला. चाकं थांबली. पुन्हा चालले, पुन्हा टाकला. थांबली!

"बाजूला व्हा, बापू," म्हटलं. "गोल होत नाही आज."

ते रडत होते. मला म्हणाले, पाणी उडालं डोळ्यात.

५ मार्च

पाना, आजचं बोलणं तेवढं लेकीला पाठव.

बाळा, मैत्रिणीकडे जाते सांगून निघाले खरी, पण मी तिथे नाही. बसने सायकलवालीच्या गावी आलेय. एकटी! वॉकर घेऊन. ती आता पायऱ्या चढणारा वॉकर करतेय, आणि तो कुठे फसतो ते सांगायला एक खडूस म्हातारी हवी होती. महिनाभर राहीन. बापूंना म्हणावं, धावत येऊ नका. पोरगी ब्रेक झकास करते, पण स्वयंपाक अगदी अळणी – इकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे उकडलेली अंडी पाठव, आणि मीठ-मिरपुडीची पुडी वेगळी बांध.